वायबीसीओची गोळी काळी झाली, रोध शून्य आला, तरी चुंबक का उचलत नाही?

भट्टीवाला (धागाकर्ता)

वायबीसीओ म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साईड, द्रव नायट्रोजनमध्ये अतिवाहक (रोध शून्य) होणारं सिरॅमिक. धातूंचं प्रमाण १:२:३, म्हणून त्याला पुढे नुसतं १२३ म्हणतो. तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत, केल्विन असेल तिथे तसं लिहिलंय.

१० ग्रॅम मालासाठी वजनं: इट्रियम ऑक्साईड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम, कॉपर ऑक्साईड ३.५८२ ग्रॅम. अगेटच्या खलात ॲसिटोन घालून ४० मिनिटं घोटलं. अॅल्युमिनाच्या बोटीत ९०० ला १२ तास, पुन्हा घोटून ९२० ला २४ तास, पुन्हा घोटून ९३० ला २४ तास. मग २० मिमी डायमध्ये ५-५ ग्रॅमच्या दोन गोळ्या दाबल्या. ऑक्सिजनच्या प्रवाहात ९४० ला २४ तास, उतरताना ५०० ला १२ तास थांबवलं आणि पुढे मिनिटाला १ अंशाने खाली.

गोळी काळी कुळकुळीत. फोर-प्रोबवर (चार टोकं लावून रोध मोजण्याची पद्धत) रोध ९२ केल्विनला घसरायला लागतो आणि ९० ला शून्य. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तन, इथले अंश कोनाचे) १२३ च्या सगळ्या रेषा आहेत, फक्त २९-३० अंशांच्या आसपास एक बारीक उंचवटा दिसतो. घनता ५.३, म्हणजे सैद्धांतिक ६.३८ च्या ८३ टक्के.

द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून वर १० मिमी व्यास, १० मिमी उंचीचा निओडिमियम चुंबक धरला तर तो जेमतेम एका कडेने उचलल्यासारखा होतो आणि बसतो. माझं मत: ऑक्सिजन कमी पडलाय, ४५० ला आणखी दोन दिवस द्यावेत. जाणकारांनी सांगावं.

द्रवनत्र

ऑक्सिजनचा दोष नाही. कमी असता तर रोध ९० ला शून्य झालाच नसता. १२३ मध्ये दर सूत्रामागे ऑक्सिजनचे अणू ६.९ च्या वर असतील तरच ९० केल्विनचा टप्पा मिळतो. ६.५-६.६ च्या आसपास ६० केल्विनचा दुसरा टप्पा आहे आणि ६.३५ च्या खाली अतिवाहकता संपते. तुमची गोळी पहिल्या टप्प्यावर आहे. आणखी दोन दिवस दिल्याने फक्त सिलिंडर रिकामा होईल.

कणरचना

द्रवनत्र यांच्याशी सहमत. कारण दुसरीकडे आहे.

रोध शून्य व्हायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक अखंड वाट पुरते. चुंबक उचलायला गोळीत मोठं वर्तुळ करून फिरणारा प्रवाह लागतो. उचल ठरते क्रांतिक प्रवाहघनता (अतिवाहकता न मोडता वाहू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह) गुणिले त्या वर्तुळाचा व्यास यावर. भाजलेल्या गोळीत दाणे, म्हणजे सुटे स्फटिक, १० मायक्रॉनच्या आसपास असतात. प्रत्येक दाण्याच्या आत प्रवाह उत्तम फिरतो, पण शेजारच्या दाण्यात जाताना सीमेवर अडतो. नुसत्या गोळीत दाण्यांमधून सेंटिमीटर वर्गाला शे-दोनशे अँपिअर जातातही, पण दहा मिलिटेस्लाच्या आसपासचं क्षेत्र आलं की ते जोड ढेपाळतात. तुमच्या चुंबकाच्या तोंडाशी ०.३ टेस्लाच्या वर क्षेत्र असणार. म्हणजे नेमकं हवं तेव्हा सगळे जोड तुटलेले आणि प्रवाहाची वर्तुळं १० मायक्रॉनची. तीच गोळी २५ मिमीचा एकच दाणा असती तर वर्तुळ २५०० पट मोठं झालं असतं.

सीमा एवढी का अडवते? या पदार्थात कोहेरन्स लांबी (अतिवाहक अवस्था ज्या अंतरात बदलू शकते ते अंतर) तांबे-ऑक्सिजनच्या थरात दीड नॅनोमीटर आणि थरांना आडवी ०.३ नॅनोमीटरच्या आसपास आहे. सीमेवरचे दोन-तीन अणू विस्कटले तरी अतिवाहक अवस्था तिथे क्षीण होते. आयबीएममध्ये डिमॉस, चौधरी, मॅनहार्ट यांनी १९८८ साली दोन दाणे मुद्दाम ठरावीक कोनात जोडून मोजलं होतं. कोन १० अंशांच्या पुढे गेला की क्रांतिक प्रवाह फार झपाट्याने पडतो. भाजलेल्या गोळीत दाणे वाट्टेल त्या कोनात पडलेले असतात.

ताम्रपट

थोडं थांबा. १९८७ पासून शाळा-कॉलेजांत जी प्रात्यक्षिकं झाली, त्यांतल्या चकत्या भाजलेल्याच होत्या आणि चुंबक तरंगतच होता. "भाजलेली गोळी उचलत नाही" हे विधान जसंच्या तसं बरोबर नाही.

१० बाय १० चा निओडिमियम म्हणजे जवळपास ६ ग्रॅम. त्याऐवजी ४ मिमी व्यास, २ मिमी जाडीचा घ्या, तो ०.२ ग्रॅमचाही भरत नाही. याच गोळीवर तो दोन-तीन मिमी तरंगेल. दाण्यांच्या आतले प्रवाह एवढ्याला पुरतात.

कणरचना

ताम्रपट, मान्य. नेमकं सांगायचं तर भाजलेली गोळी हलका चुंबक दूर लोटते, पण धरून ठेवत नाही. बोटाने ढकलला तर घरंगळतो. एकाच दाण्याची चकती त्याला जागेवर खिळवते, चकती उलटी केली तरी चुंबक खाली लटकून राहतो. हा फरक फ्लक्स पिनिंगचा, म्हणजे चुंबकी रेषा पदार्थात खिळून राहण्याचा.

सोनचाफा

नवख्यांसाठी रचनेबद्दल कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? "थर", "साखळ्या" हे शब्द वारंवार येतात. आणि ऑक्सिजन आत जातो म्हणजे नक्की कुठे?

पेरोव्हस्काईट

सांगतो. पेरोव्हस्काईट (घनासारखी एक स्फटिकरचना) च्या तीन खोल्या एकावर एक रचलेल्या समजा: बेरियमची, इट्रियमची, परत बेरियमची. इट्रियमच्या वर आणि खाली तांबे-ऑक्सिजनचे दोन सपाट थर असतात, अतिवाहकता तिथे राहते. सगळ्यात वरच्या-खालच्या मजल्यावर तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात, त्या फक्त एका दिशेने, बी-अक्षाला धरून. आपण जो ऑक्सिजन देतो तो या साखळ्यांमधल्या रिकाम्या जागांवर जाऊन बसतो. तो तिथे बसला की थरांमधून इलेक्ट्रॉन ओढले जातात, थरांत होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) तयार होतात आणि पदार्थ अतिवाहक होतो. म्हणजे चूल साखळीत आणि स्वयंपाक थरात.

भट्टीतून नुकता निघालेला तापलेला १२३ चौकोनी, म्हणजे टेट्रागोनल असतो. साखळीच्या जागा दोन्ही दिशांना अर्धवट भरलेल्या, म्हणून ए आणि बी या आडव्या बाजू सारख्याच. थंड होताना ऑक्सिजन भरला की तो एका दिशेने ओळीत बसतो आणि रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक होते: ए ३.८२, बी ३.८९ आणि उभी बाजू सी ११.६८ अँगस्ट्रॉम. रिकामा असताना सी ११.८ च्या वर असतो. म्हणजे ऑक्सिजन भरताना चकती उभ्या दिशेत एक टक्क्याच्या आसपास आकसते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे कुणी एकच दाणा वाढवायला घेतला तर चिरा इथूनच येतात.

भट्टीवाला

कणरचना आणि ताम्रपट, दोघांचं पटलं. ४ मिमीचा चुंबक लावून पाहतो. पण खिळणारी चकती हवी असेल तर एकच दाणा वाढवावा लागणार. त्याची कृती कुणी तपशीलवार देईल का? भट्टी ११०० पर्यंत जाते, प्रोग्रॅमर आहे.

इट्रियम_ताई

देते. पद्धतीचं नाव टॉप-सीडेड मेल्ट ग्रोथ, म्हणजे वर बी ठेवून वितळलेल्या मालातून एकच दाणा वाढवणं. केंब्रिजच्या बल्क सुपरकंडक्टिव्हिटी गटाने आणि जपानी गटांनी ही रुळवली. २५-२६ मिमीच्या चकतीचा हिशोब असा:

पूड: १०० ग्रॅमला ७५ ग्रॅम १२३, २५ ग्रॅम २११ आणि ०.५ ग्रॅम सिरियम ऑक्साईड. २११ म्हणजे इट्रियम दोन, बेरियम एक, तांबे एक असलेली हिरवी पूड. ती वेगळी बनवायची: १० ग्रॅमसाठी इट्रियम ऑक्साईड ४.९२३, बेरियम कार्बोनेट ४.३०२, कॉपर ऑक्साईड १.७३४ ग्रॅम, ९००-९५० ला दोनदा भाजून. रंग पोपटी-हिरवा आला पाहिजे, काळपट झाक असेल तर अजून एकदा.

गोळी: ३२ मिमी डायमध्ये ३० ग्रॅम. वितळून घट्ट होताना ती २६ मिमीच्या आसपास येते.

आधार: गोळी थेट अॅल्युमिनावर ठेवू नका. खाली इट्रियम ऑक्साईडच्या पुडीचा थर घाला, त्यावर झिर्कोनियाच्या तीन बारीक कांड्या. गोळीच्या तळाला इटर्बियम ऑक्साईड मिसळलेला १-२ मिमीचा थर दाबला तर उत्तम. इटर्बियमच्या १२३ चा वितळबिंदू कमी असल्याने तळाचा भाग सगळ्यात शेवटी गोठतो आणि खालून आगंतुक दाणे उगवत नाहीत.

बी: समेरियम-१२३ किंवा निओडिमियम-१२३ (इट्रियमऐवजी तो धातू असलेला १२३) चा २ मिमीचा चौकोनी तुकडा, सी-अक्ष उभा. त्याच्याखाली मूळ पुडीचीच ५ मिमीची छोटी गोळी ठेवा. तिला बफर म्हणतात. बियातली अशुद्धता मोठ्या चकतीत उतरत नाही आणि बी सरकलं तरी काम बिघडत नाही.

तापमान: १०४५ पर्यंत चढवून १ तास. तिथून तासाला ८० अंशांनी १०१५, मग १०१० पर्यंत तासाला १ अंश. १०१० ते ९७५ तासाला ०.४ अंश. हा टप्पा ८८ तासांचा. पुढे भट्टी आपोआप थंड.

१२३ हवेत १००५-१०१० च्या दरम्यान मोडतो. पण तुमच्या भट्टीचा थर्मोकपल ५ अंश खोटं बोलत असेल तर वरचे सगळे आकडे निकामी. सोन्याची बारीक तार ठेवून तपासा, ती १०६४ ला वितळते. चांदीवर विसंबू नका. हवेत ती ऑक्सिजन शोषते आणि ९६२ च्या आधीच पाघळते.

सोनचाफा

ताई, बी म्हणजे दुधातलं विरजणच की! चमचाभर घातलं आणि सगळं लागलं :)

पेरोव्हस्काईट

उपमा छान आहे, पण खडीसाखरेची जास्त जुळते. विरजण सगळीकडे ढवळून पसरवतात, इथे ढवळलं की संपलं. खडीसाखर एका दोऱ्यावर धरते आणि तिथूनच बाहेर वाढते. दुसरीकडे कुठे खडा धरला तर ती जागा वाया.

मात्र एक फरक आहे. साखर पाकात पूर्ण विरघळते आणि साखर म्हणूनच परत येते. १२३ तसा वितळत नाही. तापवल्यावर तो मोडून दोन गोष्टी होतात: २११ चा हिरवा घन आणि बेरियम-तांब्याचा पातळ रस. थंड होताना बियाच्या तोंडाशी २११ चे कण त्या रसात विरघळतात आणि रस-कण मिळून पुन्हा काळा १२३ होतो. यालाच पेरिटेक्टिक म्हणतात. एक भाग २११ आणि बेरियम तीन, तांबे पाच या प्रमाणातला रस मिळून १२३ चे दोन भाग होतात.

ताम्रपट

या हिरव्याबद्दल एक नोंद राहिली. १९८७ साली अमेरिकेतल्या वू आणि चू यांच्या गटांनी ९० केल्विनच्या वर अतिवाहकता दाखवली तेव्हा त्यांचा नमुना शुद्ध नव्हताच, हिरवा आणि काळा असा मिसळलेला होता. त्यातला काळा भाग म्हणजे १२३ हे नंतर वेगळं काढलं गेलं. तेव्हा भेसळ ठरलेला हिरवा २११ आज आपण मुद्दाम २५ टक्के घालतो.

मूस

का घालतो तेही लिहा. रस गळाला तरी गोळीचा आकार टिकतो, हे एक. दुसरं, वाढून झाल्यावर २११ चे मायक्रॉनभर कण १२३ च्या पोटात अडकून राहतात. त्यांच्या कडांशी चुंबकी रेषा खिळतात, म्हणजेच पिनिंग. कण जितके बारीक तितक्या कडा जास्त. सिरियम ऑक्साईड किंवा ०.१ टक्का प्लॅटिनम नसेल तर १०४५ च्या तासाभरात हे कण एकमेकांना गिळून ५-१० मायक्रॉनचे होतात.

कणरचना

सिरियम की प्लॅटिनम हा वाद नेहमीचाच. इट्रियमसाठी माझं मत सिरियम: स्वस्त आणि पुरेसं. गॅडोलिनियमच्या चकत्यांसाठी प्लॅटिनमचा सराव जास्त आहे. पण गॅडोलिनियमला हात घालण्याआधी हे समजून घ्या की गॅडोलिनियम, समेरियम, निओडिमियम हे आकाराने मोठे अणू बेरियमच्या जागी जाऊन बसतात आणि क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते) पाडतात. त्यावर उपाय दोन: कमी ऑक्सिजनच्या वायूत वाढवणे, नाहीतर हवेत वाढवताना पुडीत १ टक्का बेरियम पेरॉक्साईड जास्त घालणे. इट्रियम बेरियमच्या जागी जात नाही. भट्टीवाला यांनी इट्रियमवरच राहावं.

ग्रीनपेलेट

तासाला ०.४ ऐवजी ०.१ ने उतरवलं तर आणखी चांगला दाणा मिळेल ना? जितकं हळू तितकं उत्तम, असं सगळीकडे वाचलंय.

इट्रियम_ताई

नाही. ०.१ ने ३५ अंश उतरायला ३५० तास लागतात. तेवढ्या वेळात रस खाली झिरपत राहतो, २११ चे कण फुगत जातात आणि बियाजवळचा भाग २११ विना राहतो. फार हळू वाढणारी कड बारीक कणांना पोटात घेत नाही, पुढे ढकलत नेते, त्यामुळे कडेला हिरवा गोळा होतो. फार जोरात उतरवलं तर बियाला गाठण्याआधीच रसात दुसरीकडे दाणे उगवतात. २५ मिमीला ०.३ ते ०.५ हा टप्पा सुरक्षित आहे.

भट्टीवाला

प्रोग्रॅमर तासाला १ अंशाच्या खाली घेत नाही. मग?

मूस

पायऱ्या करा. १ अंश खाली, अडीच तास थांबा, परत १ अंश खाली. सरासरी ०.४ च येते. किंवा सरळ एका तापमानाला थांबून वाढवा. वितळबिंदूच्या ८-१० अंश खाली आणून दोन दिवस सोडून द्या. हेही चालतं, फक्त दाणा थोडा लहान राहतो.

पायऱ्या करताना भट्टीचं नियंत्रण ०.५ अंशाच्या आत राहतंय का ते पाहा. आधी रिकाम्या भट्टीत, गोळी ठेवणार तिथेच दुसरा थर्मोकपल ठेवून रात्रभर नोंद घ्या. वरून खाली आणि मधून कडेला किती अंशांचा फरक आहे तेही कळेल. बी ठेवलेला वरचा मधला भाग सगळ्यात गार हवा. कड गार असेल तर दाणे कडेने आत येतात.

अभ्रक

आणि ८८ तास वीज राहिली तर! गावाकडे सोमवारी प्रोग्रॅम लावू नका म्हणजे झालं :D

इट्रियम_ताई

अभ्रक, हसण्यावारी नेऊ नका, हे खरोखर होतं. वीज गेली की भट्टी तासाभरात शेकडो अंश खाली येते आणि उरलेला रस एकदम शेकडो बारीक दाण्यांत गोठतो. बियापाशी वाढलेला चौकोन तेवढा शाबूत राहतो. पुन्हा १००० वर नेऊन तिथून पुढे वाढवता येत नाही.

पण माल फेकू नका. फसलेली चकती जशीच्या तशी, वितळल्यावर रस सोडणाऱ्या पुडीच्या थरावर ठेवून, नवीन बी लावून परत वितळवता येते. पहिल्या वेळी गळून गेलेला रस त्या थरातून वर चढतो. केंब्रिजच्या गटाने फसलेल्या चकत्या अशा रीतीने परत वापरात आणल्याचं प्रसिद्ध केलंय.

द्रवनत्र

रस वर चढण्यावरून: हैदराबाद विद्यापीठात इन्फिल्ट्रेशन ग्रोथवर बरंच काम झालंय. तिथे गोळी फक्त २११ ची दाबतात आणि खाली रस सोडणारी दुसरी गोळी ठेवतात, १२३ आणि बेरियम-तीन-तांबे-पाच सारख्या वजनाने. वितळल्यावर रस केशाकर्षणाने वर चढतो. फायदा असा की आकसणं जवळजवळ नाही, जो आकार दाबाल तोच मिळतो, कडी करायची तर कडी. आणि पोकळ्या कमी. साध्या पद्धतीत १२३ मोडताना ऑक्सिजन सुटतो आणि त्याचे बुडबुडे मधोमध अडकतात.

पेरोव्हस्काईट

चांगला मुद्दा. पण पहिल्या प्रयत्नाला साधी पद्धतच बरी. इन्फिल्ट्रेशनमध्ये रस कमी पडला तर वरचा भाग हिरवा राहतो आणि गोळी कापून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही.

तारकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बिस्मथचं २२२३ (बिस्मथ-स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम-कॉपर ऑक्साईड) घ्या! क्रांतिक तापमान ११० केल्विन, १२३ पेक्षा वर. चांदीच्या नळीत पूड भरायची, ओढून-लाटून पट्टी करायची, ८३०-८५० ला भाजायची. थर अभ्रकासारखे सपाट असतात, लाटताना आपोआप एका दिशेने पडतात. बीही नको, ८८ तासही नकोत.

कणरचना

तारकर, पट्टीसाठी बरोबर, चुंबक खिळवण्यासाठी नाही. बिस्मथच्या पदार्थात थरांमधलं अंतर जास्त आणि जोड सैल, त्यामुळे ७७ केल्विनला, त्यातही क्षेत्र थरांना काटकोनात असेल तर, चुंबकी रेषा सहज सरकतात. क्रांतिक तापमान जास्त असूनही द्रव नायट्रोजनमध्ये पकड १२३ ची जास्त. नळी चांदीचीच का, तर चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो. आणि २२२३ ला शिसं घातल्याशिवाय तो नीट तयार होत नाही, २२१२ या कमी थरांच्या प्रकारावरच अडकतो. सोपं म्हणता तेवढं सोपं नाही.

तारकर

खिळवण्याबद्दल मान्य. शिशाचं लिहायचं राहिलं.

मूस

मूळ कृतीतल्या अॅल्युमिनाच्या बोटीबद्दल कुणीच बोललं नाही. ९४० पर्यंत कोरडी पूड असेल तर चालून जातं. वितळवताना बेरियम-तांब्याचा रस अॅल्युमिना खातो. त्यातलं अॅल्युमिनियम साखळीतल्या तांब्याच्या जागी बसतं आणि क्रांतिक तापमान उतरतं. झिर्कोनियाही खाल्ला जातो, फक्त हळू. फ्लक्समधून (इथे फ्लक्स म्हणजे वितळलेला द्रावक) अतिशुद्ध स्फटिक काढायचे असतील तर बेरियम झिर्कोनेटच्या मुशी लागतात, नव्वदच्या दशकात त्या आल्यावरच स्फटिकांची शुद्धता एकदम वाढली. आपल्या चकतीला इट्रियम ऑक्साईडचा थर पुरतो.

भट्टीवाला

वाढ नीट झाली हे भट्टीतून काढल्यावर कसं ओळखायचं?

इट्रियम_ताई

वरून पाहा, टेबललॅम्प तिरका धरून. मध्ये बियाचा चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांतून चार रेषा कडेपर्यंत, जणू पाकिटाच्या मागची घडी. या रेषांमुळे वरचा पृष्ठभाग चार भागांत वाटला जातो. चकती हळूहळू फिरवली की एकेक भाग एकसंध चमकतो आणि विझतो. रेषा कडेपर्यंत पोचून बाजूवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर दाणा पूर्ण. मध्येच थांबल्या आणि पुढे खरखरीत, वेगवेगळ्या दिशांना चमकणारी कड असेल तर तिथे दुसरे दाणे आहेत. कडेला हिरवट डाग दिसला तर तेवढा रस गळाला.

आणि इथे घाई करू नका. या क्षणी चकती अतिवाहक नाही. आत ऑक्सिजन नाही.

द्रवनत्र

आता धागाकर्त्याच्या ऑक्सिजनची पाळी आली! भाजलेल्या गोळीत १७ टक्के पोकळ्या आहेत, म्हणून ५०० ला १२ तास पुरले. सलग दाण्यात ऑक्सिजन थरांच्या दिशेने शिरतो, थरांना आडवा जवळजवळ नाही. २५ मिमीच्या चकतीला ४५० पासून ४०० पर्यंत, वाहत्या ऑक्सिजनमध्ये आठवडा ते दहा दिवस लागतात. ५०० च्या वर थांबलात तर तो लवकर शिरतो, पण पदार्थात राहणारं प्रमाणच कमी. ३५० च्या खाली प्रमाण चांगलं, पण शिरायचा वेग मरतो. म्हणून ४०० ते ४५०.

पेरोव्हस्काईट यांनी सांगितलेलं एक टक्का आकसणं इथे होतं. बाहेरचा भाग आधी भरतो, आकसतो, आतला नाही, म्हणून थरांना समांतर बारीक चिरा पडतात. त्या काही प्रमाणात हव्यातही, ऑक्सिजन त्यांच्यातूनच आत जातो. पण चढवताना तासाला १०० च्या वर नेलं तर मोठी चीर पडून चकती पापुद्र्यासारखी सुटते. पुडीत १० टक्के सिल्व्हर ऑक्साईड घातला तर चांदी पोकळ्या-चिरांत बसते आणि चकती कणखर होते. मात्र चांदीने वितळबिंदू खाली येतो, तेव्हा ताईंचे सगळे आकडे नव्याने ठरवावे लागतील.

ग्रीनपेलेट

अशी चकती किती क्षेत्र धरते?

कणरचना

साधा हिशोब: प्रवाहघनता सेंटिमीटर वर्गाला १०,००० अँपिअर, त्रिज्या १२.५ मिमी. अनंत लांब नळकांडं धरलं तर मध्यावर १.५७ टेस्ला येतात. चकती ठेंगणी असल्याने त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. ७७ केल्विनला इट्रियमची चांगली २५ मिमी चकती अर्धा ते पाऊण टेस्ला धरते. थंड केलं तर झेप मोठी: २००३ साली टोमिटा आणि मुराकामी यांनी २९ केल्विनला १७.२४ टेस्ला आणि २०१४ साली केंब्रिजच्या गटाने गॅडोलिनियमच्या दोन चकत्यांमध्ये २६ केल्विनला १७.६ टेस्ला धरले. तिथे अडचण चकती फुटण्याची असते, क्षेत्र तिला आतून बाहेर ढकलतं. म्हणून त्या दोन चकत्यांवर स्टीलची कडी गरम करून चढवली होती.

मोजताना: १.३-१.५ टेस्लाच्या विद्युतचुंबकात ठेवून ७७ ला थंड करा, क्षेत्र सावकाश काढा, काही मिनिटं थांबा कारण सुरुवातीला ते थोडं ओसरतं, मग पृष्ठभागापासून अर्धा मिमीवर हॉल प्रोब (चुंबकी क्षेत्र मोजणारी कांडी) फिरवा. एकच शंकू आला तर एकच दाणा. दोन शिखरं आली तर मध्ये सीमा आहे.

अभ्रक

बेरियम कार्बोनेटबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. पाण्यात विरघळत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पोटातल्या आम्लात ते विरघळतं आणि विषारी आहे. मास्क, हातमोजे, खल वेगळा, तिथे चहा नको. धुतलेल्या पाण्यात सोडियम सल्फेट घालून बेरियम सल्फेट म्हणून खाली बसवा, मग गाळा. द्रव नायट्रोजन बंद खोलीत ओतू नका.

ताम्रपट

एवढं सगळं झाल्यावर मूळ गोळीकडे परत येतो, कारण २९-३० अंशांवरचा उंचवटा तसाच राहिलाय.

तो बहुधा बेरियम-कॉपर ऑक्साईडचा आहे, थोडा २११ ही असेल. म्हणजे कार्बोनेट पूर्ण मोडलं नाही किंवा मोडून १२३ पर्यंत पोचलं नाही. बंद मफल भट्टीत सुटलेला कार्बन डायऑक्साईड तिथेच कोंडतो आणि बेरियम कार्बोनेटचं मोडणं रोखतो. उरलेलं कार्बोनेट नेमकं दाण्यांच्या सीमेवर बसतं. कणरचना म्हणतात ते कोन आणि कोहेरन्स लांबीचं खरंच आहे, पण या गोळीत सीमा मळलेल्याही आहेत. पूड बोटीत पातळ पसरा, भट्टीचं तोंड दोन बोटं उघडं ठेवा किंवा हवेचा पंप लावा. कार्बोनेटऐवजी बेरियम पेरॉक्साईड घेतलं तर हा प्रश्नच राहत नाही. इट्रियम ऑक्साईड वजन करण्याआधी ९०० ला तापवून घ्या, तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड धरतो, त्यामुळे मोजलेल्या वजनात खरा ऑक्साईड कमी भरतो.

कणरचना

ताम्रपट, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. बरोबर आहे. आणि हीच पूड पुढे वितळवली असती तर कार्बोनेटमुळे बुडबुडे वाढले असते. एक्सआरडीत २४ अंशांच्या जवळ कार्बोनेटची मुख्य रेषा येते, तीही पाहून घ्या.

भट्टीवाला

४ मिमीचा चुंबक अडीच मिमीवर तरंगला. ढकलल्यावर घरंगळतो, तुम्ही म्हणालात तसाच. २४ अंशांवर बारीक रेषा आहे. आता पूड पातळ पसरून, हवा सोडून ९२० ला परत घालतो. ती स्वच्छ निघाली की २११ करायला घेतो. मधल्या काळात ही गोळी कशी ठेवायची? नायट्रोजनमधून काढल्यावर तिच्यावर दव धरतं.

मूस

दव पुसू नका, लगेच कोमट हवेच्या झोताखाली धरा. १२३ ला पाणी सोसत नाही. बेरियम सुटून हायड्रॉक्साईड होतं, मग हवेतल्या वायूने कार्बोनेट, आणि वर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. घासायची झाली तरी पाण्याने नाही, आयसोप्रोपाईल अल्कोहोलने. नंतर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, जेल गुलाबी झालं की बदला.